चाळीस मिनिटांवरची खिंड

शोभे, कावळा आला नाही.

परवा पैठणला घाटावर तुझा दहावा झाला. पिंड मांडून आम्ही पाऊण तास उन्हात उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. सात-आठ जण भिंतीवर रांगेत बसून मान वाकडी करून बघत होते आणि जागचे हलत नव्हते. तुला नवरा नाही, मूल नाही, म्हणून सगळं अण्णांनी केलं. थोरल्या भावानं करावं तसं, काही न चुकवता केलं. हात जोडून ते पिंडाशी बोलत होते. "शोभा, आईला मी बघतो. तुझी गाय विकत नाय. तुझी औषधाची पेटी तालुक्याच्या दवाखान्याला देतो." कावळे हलेनात. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "आणखी काही राहिलं असंल तर बोला. मागं दोन घरं थांबलीत."

मग अण्णा माझ्याकडं वळले. "वंदनाताई, तिची ती खिंड राहिली. तुम्हीच सांगा तिला. म्हणा, पुढच्या वर्षी तुझी चिमूटभर रक्षा घेऊन जाते आन् खिंडीत ठेवून येते."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझी मावशी माझा दंड धरून म्हणाली, "म्हणा की. शब्दच तर द्यायचाय."

मी म्हटलं, "नाही."

अण्णांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. मी परत नाही म्हटलं. "हा शब्द मी देणार नाही, अण्णा." त्यांचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "मेलेल्या माणसाला तरी नाही म्हणू नये, ताई." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारचं पान रिकामंच राहिलं.

कावळ्याचं मला काही वाटलं नाही. माझ्या बाबांच्या दहाव्याला असाच उशीर झाला तेव्हा तूच माझ्या कानात म्हणाली होतीस, "ह्या घाटावर सकाळपासून बारा पिंडं झाली. पोट भरलंय त्यांचं. भूक नसताना जनावर तोंड लावत नाय, माणूसच लावतो." जनावरांच्या डॉक्टरचं मत म्हणून मी ते तिथल्या तिथं मान्य केलं होतं. पण अण्णांना मी नुसता नकार दिला, कारण दिलं नाही. ते कारण आधी तुला सांगायला हवं. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी तू होतीस तेव्हाच सांगायची होती.

तुझ्या खात्यातल्या मंडळींनी तुझ्यावर चार शब्द मागितलेत. हसतमुख, मनमिळाऊ, मुक्या जनावरांची माय, असं काहीतरी त्यांना हवंय. त्यांना मी हे पत्रच देणार आहे. छापायचं तर छापतील. तू मनमिळाऊ नव्हतीस. तू कधी वेळेवर आली नाहीस, नेलेली पुस्तकं परत दिली नाहीस, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "नाय" म्हणत होतीस. मी कारखान्यात स्टोअर सांभाळते. माझ्या कपाटातल्या प्रत्येक खिळ्याला जागा आणि चिठ्ठी आहे. तुझं माझं जमायचं काही कारण नव्हतं. तू मला "तहसीलदार" म्हणायचीस, माझ्या नवऱ्यासमोरसुद्धा, आणि तो हसायचा.

बर्फावर पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते, तू सत्तेचाळीस. आपलं गाव असं की बर्फ म्हटलं की रसवंती आठवावी. तुला कुठून तरी कळलं की उत्तराखंडात पंधरा दिवसांचा स्कीइंगचा वर्ग असतो आणि वयाची अट नाही. वर्गातली बाकीची मंडळी आपल्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी मी सारखी आपटत होते. तू मला उठवायला आली नाहीस. काठ्यांवर हनुवटी टेकून म्हणालीस, "वासरू उभं राहीस्तोवर चौदा वेळा पडतं. मोजलंय म्या. तू बारावर हाईस." पंधराव्यांदा पडले तेव्हा म्हणालीस, "मग म्हशीचं आसंल." मी बर्फात पडल्या पडल्या हसले, आणि हसताना अंग सैल पडलं तेव्हा उठता आलं. हे तुला कधी सांगितलं नाही. तू फी मागितली असतीस.

नंतर सलग सहा हिवाळे आपण गेलो. उस्मानपुऱ्यातल्या बायका जिन्यात विचारायच्या, "परत चाललात? या वयात?" तू म्हणायचीस, "ह्या वयात न्हाई तर काय पुढच्या वयात?" आणि मग गेल्या वर्षी ते एप्रिलमधलं ठरवलंस. चार दिवस, तीन मुक्काम, हिमाचलातलं एक खोरं. तंबू पाठीवर, स्की पायात. यंत्राच्या दोरीला लोंबकळत वर जायचं नाही, आपल्या पायांनी चढायचं, वरची खिंड गाठायची, आणि तिथून स्कीवर खाली यायचं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. स्कीवर चढ चढायचा तर तिच्या तळाला एक लांब केसाळ पट्टी चिकटवावी लागते. केस मागं वळलेले असतात, त्यामुळं स्की पुढं सरकते पण मागं घसरत नाही. वर पोचलं की पट्टी सोलून काढायची, घडी करून कोटाच्या आत ठेवायची, आणि मोकळ्या स्कीवर उतरायचं. सगळी मदार पट्टीच्या डिंकावर. थंडीत तो टिकतो. उष्णता त्याला सोसत नाही. म्हणून तू आपल्या दोघींच्या पट्ट्या तुझ्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचीस, मेथीच्या जुडीशेजारी.

दुसरी गोष्ट घड्याळाची. एप्रिलमध्ये डोंगरावरचा बर्फ रात्री गोठतो, सकाळी दगडासारखा असतो, आणि ऊन चढलं की वितळून जड होतो. मग उतारच्या उतार खाली येऊ शकतो. म्हणून पहाटे निघायचं आणि ठरल्या वेळी, कुठंही असलो तरी, परत फिरायचं. आपण ती वेळ माझ्या जेवणाच्या टेबलावर ठरवली. माझी त्रेसष्ट वस्तूंची यादी होती, प्रत्येकीसमोर ग्रॅममध्ये वजन. तिच्या खाली आपले नियम लिहिले. एका दिवशी एकीनंच ठरवायचं, आळीपाळीनं. दुसरीनं हवं तेवढं भांडावं, पण ऐकावं. आणि अकरा म्हणजे अकरा. खाली तू सही केलीस, "डॉ." सकट. वर म्हणालीस, "घे तहसीलदार, आता सातबाऱ्यावर चढव."

तालमीला आपण दौलताबादला जात होतो. दार उघडल्या उघडल्या किल्ल्यात शिरायचं, पाठीवर दहा किलो, पायात ते प्लास्टिकचे जाड बूट. पायऱ्यांवर खटाक खटाक आवाज यायचा. दारावरचे मामू पहिल्या दिवशी घाबरून उठले. "क्या मॅडम, दोनों का एक्सिडेंट हो गया क्या?" तू म्हणालीस, "हुआ नहीं मामू, होनेवाला है. प्रॅक्टिस चालू है." मामू इतके हसले की तिकीट फाडायचं विसरले. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्याला बसायला खुर्च्या काढून ठेवल्या होत्या.

आता ती गोष्ट.

तालमीच्या शेवटच्या रविवारी मी तुला सगळं सामान घेऊन बोलावलं, यादीवर शेवटची खूण करायला. किल्ल्याखाली चिंचेच्या सावलीत आपण एकेक वस्तू वाचली. मी नाव घ्यायचं, तू "हाय" म्हणायचं. पट्ट्यांच्या टोकांचे हूक मला तपासायचे होते, म्हणून त्या मी माझ्याकडं घेतल्या. रात्री फ्रिजमध्ये ठेवीन म्हटलं. तुझी जोडी वर होती, लाल दोऱ्याची. मी पिशवी गाडीच्या डिकीत टाकली आणि विसरले. सोमवार, मंगळवार कारखान्यात मालाची मोजणी होती. गाडी दोन दिवस वाळूजच्या उन्हात, उघड्या पार्किंगमध्ये उभी. एप्रिलचं ऊन. मंगळवारी संध्याकाळी आठवलं तेव्हा डिकीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. माझी जोडी खाली होती, ती बरी होती. तुझ्या पट्ट्यांचा डिंक पातळ होऊन एका कडेला गोळा झाला होता. घडी उलगडताना काकवीसारख्या तारा निघाल्या.

मी त्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वीतभर तुकडा दाबून पाहिला. चिकटला. मनात म्हटलं, थंडीत बसेल. निघायला तीन दिवस होते, नवीन जोडी दिल्लीहून मागवायला पाच लागले असते. मी यादी काढली आणि लिहिलं, "पट्ट्या, दोन जोड, तपासल्या." पुढं खूण केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत न तपासलेल्या मालावर मी कधी खूण केलेली नाही, शोभे. ती एकच.

तुला सांगितलं नाही. तू चिडली असतीस म्हणून लपवलं असं नाही. तू चिडली नसतीस, वर्षभर चिडवलं असतंस. मला ते नको होतं. इतकं क्षुल्लक कारण होतं.

पहिला दिवस माझा होता. देवदारांतून वर गेलो, पहिल्या मुक्कामाला तू पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढलीस. चारशे ग्रॅम, यादीत नसलेली. मी काही बोलायच्या आत आपल्या वाटाड्यानं, खेमराजनं, त्यात बोट बुडवलं आणि म्हणाला, "दीदी, ये तो लिस्ट में सबसे ऊपर होना चाहिए." तू त्याला म्हणालीस, "तू माझा माणूस." दुसरा दिवस तुझा. माझ्या टाचेला फोड आला तेव्हा तू जनावरांना लावायचं पिवळं मलम लावलंस आणि पट्टी अशी बांधलीस की दोन दिवस हलली नाही. "बैल तरी हाताला लाथ मारतो," म्हणालीस, "तू नुसती तोंड वाकडं करती." वरच्या मुक्कामाला पोचलो तेव्हा खिंड समोर दिसत होती, दोन काळ्या खडकांमध्ये पांढरी खाच. तू चहा हातात धरून तिच्याकडं इतका वेळ बघत राहिलीस की चहा गार झाला. माझ्या ओळखीत तू चहा गार होऊ दिलास तो एकदाच.

तिसरा दिवस माझा. पाचला निघालो. बर्फ लोखंडासारखा. साडेसातला तुझ्या डाव्या पट्टीचं मागचं टोक सुटलं. हातमोजे काढ, बर्फ पूस, पट्टी कोटात छातीशी धरून गरम कर, परत दाब, वर चिकटपट्टी गुंडाळ. सव्वाआठला परत सुटली. नऊला उजवी. शेवटी खेमराजनं दोन्ही दोरीनं बांधल्या, तरी पावणेदहाला एकदा थांबावं लागलंच. एकंदर एक तास दहा मिनिटं. डायरीत आहे. तिसऱ्या वेळी तू बर्फात मांडी घालून बसली होतीस, बोटं निळी पडली होती, आणि स्वतःवरच वैतागून म्हणालीस, "माझ्याच फ्रिजात मेथीचं पाणी लागलं आसंल. पहिल्यापासनंच तुझ्याकडं द्यायला पायजे होत्या, तहसीलदार."

मी तुझ्या समोर उभी होते. मी म्हटलं, "असू दे. चल."

अकराला आपण शेवटच्या उताराखाली होतो. काठी टेकली तर मनगटापर्यंत आत जात होती. कडेच्या खडकांवरून बर्फाचे लहान लहान गोळे सुटून घरंगळत होते. खेमराजनं वर पाहिलं. "चालीस मिनट," म्हणाला. "जा सकते हैं. लौटते वक्त ये ढलान नरम मिलेगा." त्यानं दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि ठरवणं माझ्यावर सोडलं.

मी म्हटलं, "वळायचं."

"चाळीस मिनिटं, तहसीलदार. चाळीस!"

"अकरा वाजले."

"तुझं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतंय. मला माहीत न्हाई व्हय?"

"ती पाच धरूनच सांगतेय."

"अगं ती बघ, हितं तर हाय. थुंकलं तर पोचंल."

"मग थुंक आणि वळ."

तू थुंकलीस. खरंच थुंकलीस, खिंडीच्या दिशेनं, आणि वाऱ्यानं ते तुझ्याच गॉगलवर आलं. खेमराज पाठ फिरवून हसला. मग तू खाली बसून पट्ट्यांच्या दोऱ्या सोडायला लागलीस. नियम होता, भांडावं पण ऐकावं, आणि तू ऐकलंस. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही तिनं माझं ऐकलं. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. आता मानते.

उतरतानाचा बर्फ तुला आठवत असेल. वरचा थर रवाळ तुपासारखा, खाली घट्ट. स्की त्यात बसत होती, वळत होती, आवाजसुद्धा सुंदर येत होता. पहिली दोन वळणं तू फुगून घेतलीस. तिसऱ्या वळणावर तुझ्या तोंडातून ते निघालं, शर्यतीत बैलांना घालतात तसलं, "हुर्र्र्र हैक!" आणि तू सुटलीस. सहा वर्षांत मी तुला इतकं नीट, इतकं मोकळं उतरताना पाहिलं नव्हतं. मी वर थांबून राहिले, नुसती बघायला. तू खाली पोचून मागं वळून हात हलवलास तेव्हा लक्षात आलं की मी अजून निघालेच नाही. या वयात काय गरज होती, असं विचारणाऱ्यांना मी हे कसं दाखवू? त्यांना दाखवायचंही नाही. ते माझं आहे.

मुक्कामाला आलो आणि तू खुर्चीसारखा दगड शोधून खिंडीकडं तोंड करून बसलीस. "बारा वाजले. पडला का उतार?" मी भांडी घासत होते. "एक वाजला. पडला का?" मी स्कीच्या कडा पुसल्या. "दोन. पडला का गं?" संध्याकाळी ऊन गेलं, उतारावर निळी सावली आली आणि बर्फ परत गोठला. तो उतार जिथल्या तिथं होता. एक ढेकूळसुद्धा खाली आलं नाही. तू तंबूत शिरताना म्हणालीस, "तहसीलदार, तुम्ही केस हरलात." मी म्हटलं, "न पडल्यानं काही सिद्ध होत नाही." तू म्हणालीस, "मग कशानं होतं?" आणि दोन मिनिटांत घोरायला लागलीस.

कशानं होतं, हे मला अजूनही सांगता येत नाही.

पोळ्याच्या आधी तुझे डोळे पिवळे दिसले. स्वादुपिंड. डॉक्टरांनी आपल्याला किती दिवस ते सांगितलं, तू मान हलवलीस, आणि पोळ्याला अण्णांच्या बैलांची शिंगं तपासायला गेलीस. लगेच सुरू झालं ना सगळ्यांचं? बर्फातून काहीतरी घेऊन आली. थंडी बाधली. अण्णा तर दवाखान्याच्या व्हरांड्यात मला तोंडावर म्हणाले, "ताई, तुमच्या नादानं झालं हे." तू आतून ऐकलंस. ओरडलीस, "अण्णा, स्वादुपिंडाला थंडी वाजत नाय!" नर्स धावत आली. डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं की त्याचा याच्याशी काही संबंध नाही. अण्णांनी ऐकलं, पटलं नाही. मला त्यांचा राग नाही. त्यांना कुणावर तरी चिडायचं आहे आणि मी समोर आहे. पण मी मान खाली घालणार नाही. मी तुला डोंगरावर नेलं नाही, तू मला नेलंस, आणि ज्या आजारानं तू गेलीस तो मैदानातल्या माणसांनाही होतो.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, मी तुझ्या खाटेजवळ गोळ्यांची डबी भरत होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तू डोळे मिटून म्हणालीस, "तिसरा दिवस माझा असता तर आपण गेलो असतो."

मी म्हटलं, "असता तर मी तुझं ऐकलं असतं."

"आन् पोचलो असतो."

"कदाचित."

"समज नसतो पोचलो. समज आला असता तो उतार. माझं काय गेलं असतं? हे आठ-नऊ महिने? घे की, तुला देते. सलाईनसकट घे."

माझ्या हातात दुपारची गोळी होती. ती मी संध्याकाळच्या खणात टाकली. मी म्हटलं, "माझं गेलं असतं."

तू डोळे उघडलेस. "म्हणजे तुझ्यासाठी वळलीस व्हय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात तुला तपासणीला न्यायला माणसं आली. खाट दारातून वळवताना तू मागं बघून बोट उगारलंस. बोलणं संपलेलं नाही, या अर्थाचं. दुसऱ्या दिवसापासून तू शुद्धीत फार थोडा वेळ असायचीस, आणि तेव्हा पाणी मागायचीस. पट्ट्यांचं मला तेव्हाच सांगायचं होतं. रोज ठरवून येत होते. रोज डबी भरून परत जात होते.

तर आता ऐक. मेथीचा काही दोष नव्हता. तुझ्या फ्रिजचा नव्हता. त्या माझ्या गाडीत वितळल्या, मला माहीत होतं, आणि मी खूण केली. ती सत्तर मिनिटं माझ्यामुळं गेली. त्यातून चाळीस वजा केली तर काय उरतं ते तुला सांगायला नको. आपण साडेदहाला खिंडीत उभ्या असतो, तू पलीकडच्या खोऱ्याला शिव्या घातल्या असत्यास, आणि अकराच्या ठोक्याला आपण खाली निघालेल्या असतो. तुझी खिंड माझ्यामुळं गेली. माफ कर म्हणत नाही, कारण माफ करायला तू नाहीस, आणि उगाच म्हणायला मला आवडत नाही. चूक माझी, एवढं लिहून देते.

पण चूक आणि वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक गाडीत झाली. अकरा वाजता त्या उताराखाली जे समोर होतं ते होतं, मग ते कुणामुळंही असो. उलट उशीर माझ्यामुळं झालाय हे माहीत असताना, तो भरून काढायला तुला त्या ओल्या उतारावर चढवणं, हे मी केलं असतं तर ते खरं पाप झालं असतं. तुला वाटत राहिलं की मी घड्याळासाठी वळले. माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला ठाऊक नव्हतं. मला चढायचं होतं, शोभे. तुझ्यापेक्षा जास्त चढायचं होतं.

आणि म्हणून घाटावर अण्णांना नाही म्हटलं. मावशी म्हणाली, शब्दच तर द्यायचाय. शब्द म्हणजे यादीवरची खूण. तपासल्याशिवाय एकदा केली, तिचं काय झालं ते पाहिलं. उद्या तुझी रक्षा पाठीवर घेऊन मी त्याच उताराखाली अकरा वाजता उभी राहिले, तर मी वळणार नाही. शब्द दिलाय म्हणून चढेन, आणि खेमराजलाही सोबत ओढेन, ज्याच्या घरी बायको आणि दोन मुलं आहेत. तुझी रक्षा गोदावरीत गेली, चांगलं झालं. तुला तसंही कुणाच्या पाठीवर बसून जायला आवडलं नसतं. चौथ्या दिवशी गुडघा सुजला होता तरी तू ओझ्यातला एक मोजासुद्धा मला घेऊ दिला नाहीस.

आज सकाळी खेमराजचा फोन आला. थंडी सरत आली की तो करतोच. "दीदी, इस बार कब? दोनों आ रहे ना?"

मी सांगितलं. तिकडून कुणी लाकडं फोडत असल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "डॉक्टर दीदी ने जो गाय देखी थी ना मेरी, वो अब ठीक है. बछड़ा हुआ है." खाली उतरल्यावर तू बूटही न काढता त्याच्या गोठ्यात शिरली होतीस आणि कोपरापर्यंत हात घालून तासभर बाहेर आली नव्हतीस. मी जेवण गार होतंय म्हणून बाहेरून ओरडत होते.

"आप आइए," खेमराज म्हणाला. "इस बार पास तक ले जाएंगे. उनके नाम से. पक्का."

"पक्का नहीं, खेमराज. ग्यारह बजे जहां होंगे, वहां से वापस."

"चालीस मिनट बचे तो भी?"

"चार बचे तो भी."

तो म्हणाला, "डॉक्टर दीदी होतीं तो बहुत लड़तीं."

"हां," मी म्हटलं. "बहुत लड़तीं."

एप्रिलचा दुसरा आठवडा ठरवला. पट्ट्यांची नवी जोडी मागवली आहे. पोचले तर पोचले.

गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. त्याचं खरं मानावं आणि मोकळं व्हावं. मी होणार नाही. पट्ट्यांचं मी कबूल केलं, घाटावर नाही तर इथं, छापून, अण्णाही वाचतील. वळण्याचं कबूल करणार नाही. तो उतार पडला नाही, तरी मी बरोबर वळले. तू नऊ महिन्यांत गेलीस, तरी बरोबर वळले. तू विचारलंस ना, तुझ्यासाठी वळलीस का म्हणून? हो, माझ्यासाठी. ते नऊ महिने मला हवे होते, सलाईनसकट, आणि ते मी घेतले. आता तुला उलट बोलता येत नाही म्हणून ही केस तू जिंकलीस, असं समजू नकोस.